करवीरचे शाहू छत्रपती

आमच्या इकडील खेड्यांतून शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर ज्या थोड्या तसबिरी दिसतात, त्यांत भरदार देहाच्या, फेटा बांधलेल्या एका राजाची तसबीर पुष्कळदा असते. करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानचे अधिपती शाहू छत्रपती ते हेच. नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांनी काय केले असे विचारले असता, गरिबांचे कल्याण केले, इतकेच उत्तर बहुधा मिळते. कल्याण हा शब्द मोठा सैल आहे. तो ज्याच्या त्याच्या नावापुढे लागतो, आणि मग त्याने कोणाचेच काही समजत नाही. म्हणून कोणत्या प्रसंगाने ह्या राजास काय शिकविले आणि कोणता हुकूम त्याने कोणत्या साली काढला, हे थोडे सविस्तर सांगावे असे आम्हांस वाटले.

ते ज्या काळात वाढले त्या काळी महाराष्ट्रात एक वाद जोरात चालला होता. आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक, असा तो वाद. इंग्रज सरकारापासून अधिकार मिळवू, घरातले मग पाहू, असे एका पक्षाचे म्हणणे. ज्या घरात विधवेचे केशवपन होते व शेजाऱ्याच्या सावलीचा विटाळ मानितात, त्या घरास अधिकार मिळाले तरी ते कोणाच्या हाती जाणार, असे दुसऱ्या पक्षाचे. टिळक व आगरकर हे जिवलग स्नेही ह्याच वादात दुरावले. आगरकरांनी १८८७ साली केसरी सोडला आणि पुढच्या वर्षी सुधारक काढला. १८९५ साली पुण्यास राष्ट्रीय सभा भरली, तेव्हा रानडे यांच्या सामाजिक परिषदेस सभेच्या मंडपात जागा देऊ नये म्हणून इतका गिल्ला झाला की ती परिषद दुसरीकडे भरवावी लागली. हे सारे भांडण बहुतांशी शिकलेल्या घरांतले होते. शेतात राबणारा कुणबी आणि वेशीबाहेरचा महार-मांग यांचा कैवार घेऊन जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला होता खरा. पण जोतीरावांच्या हाती राज्यसत्ता नव्हती, आणि १८९० साली ते निवर्तले. शाहू महाराजांच्या हाती सत्ता होती. त्यांच्या चरित्राचा हाच विशेष, आणि त्याची मर्यादाही आम्हांस ह्यातच दिसते.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटग्यांच्या घराण्यात झाला. जन्मनाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. आई ते अगदी लहान असतानाच वारली. कोल्हापूरच्या गादीस त्या काळी स्थैर्य नव्हते. राजाराम महाराज विलायतेहून परतताना १८७० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी वारले. त्यांच्यामागून दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वेडे ठरविले जाऊन १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे इंग्रजांच्या पहाऱ्यात मरण पावले. त्यांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या ह्या नऊ वर्षांच्या मुलास दत्तक घेऊन शाहू हे नाव दिले. दोन वर्षांनी, १८८६ साली, वडीलही गेले. राजवाडा, हत्ती, चोपदार सर्व होते. आईबाप मात्र नव्हते. पोरकेपणा म्हणजे काय, हे ज्या राजास बालपणीच कळले त्याच्या पुढील कृत्यांचा उलगडा काही अंशी येथेच होतो असे आम्हांस वाटते. परंतु ह्यावर अधिक जोर देण्याची आमची इच्छा नाही, कारण पोरके झालेले सर्वच राजे दयाळू निघाले असे इतिहास सांगत नाही.

शिक्षण प्रथम राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व पुढे धारवाडास स्टुअर्ट फ्रेझर ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाले. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला, आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विसावे वर्ष सरत आले असता, राज्यकारभाराचे अधिकार हाती आले. (त्याच साली शेजारच्या मिरजेत डॉ. वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय उघडले.) तरुण राजास शिकार, कुस्ती, घोडे यांचा मोठा नाद होता. तो नाद शेवटपर्यंत सुटला नाही. १९१२ साली बांधलेले खासबागेचे कुस्तीचे मैदान आजही त्याची साक्ष देते. परंतु शिकारीच्या निमित्ताने रानोमाळ फिरणारा राजा धनगराच्या पालापाशी बसतो, शेतकऱ्याच्या घरची भाकरी खातो, आणि कचेरीतून न दिसणारे पुष्कळ काही पाहतो.

त्यांनी काय पाहिले, ते आकड्यांतच सांगितलेले बरे. १८९४ साली दरबारच्या सामान्य कारभारात ७१ अधिकारी होते, त्यांपैकी ६० ब्राह्मण. महाराजांच्या खासगीकडे ५२ नोकर, त्यांपैकी ४५ ब्राह्मण. संस्थानातील प्रजा पाहू जाता मराठे, कुणबी, लिंगायत, जैन, मुसलमान, धनगर, महार, मांग यांचीच गर्दी. आणि दौत-लेखणी सर्व एका लहानशा वर्गाच्या हाती. ही स्थिती केवळ कोणाच्या दुष्टपणाने आली होती असे आम्ही म्हणणार नाही. लिहिणे वाचणे ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होते त्यांच्याकडे नोकऱ्या गेल्या, आणि नोकऱ्या ज्यांच्याकडे होत्या त्यांच्याच मुलांस लिहिणे वाचणे शिकणे परवडले. चाक असेच फिरत होते. ते आपोआप थांबण्याचे काही कारण नव्हते.

पहिली वर्षे संकटांत गेली. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यामागोमाग प्लेग. ह्या साथींतून राज्य कसेबसे सावरते न सावरते तोच एक निराळाच प्रसंग उभा राहिला, आणि त्यानेच महाराजांच्या आयुष्यास वळण दिले. त्यास वेदोक्त प्रकरण म्हणतात. आजच्या तरुण वाचकांस तो काय वाद होता हे सांगणे अवश्य आहे. हिंदू धर्मविधी दोन प्रकारच्या मंत्रांनी होत. ब्राह्मण, क्षत्रिय व वैश्य यांच्या घरी वेदांतील मंत्रांनी, ते वेदोक्त; शूद्रांच्या घरी पुराणांतील श्लोकांनी, ते पुराणोक्त. १८९९ साली कार्तिक महिन्यात महाराज पहाटेस पंचगंगेवर स्नानास जात असत, आणि त्यांचा उपाध्या मंत्र म्हणत असे. मुंबईचे विद्वान पंडित राजारामशास्त्री भागवत त्या वेळी बरोबर होते. त्यांच्या ध्यानात आले की हे मंत्र पुराणोक्त आहेत. अधिक चौकशी करिता असे निघाले की उपाध्या स्वतः स्नान न करिताच मंत्र म्हणतो, आणि त्याचे कारण त्याने हे दिले की शूद्रास सांगावयाच्या मंत्रांकरिता स्नानाची गरज नाही. ज्याच्या अन्नावर तो जगत होता तो त्याचा राजा, शिवछत्रपतींच्या गादीचा धनी, त्याच्या लेखी शूद्र होता!

पुढे १९०१ साली महाराजांनी आपल्या राजोपाध्यांस वेदोक्त विधी करण्याची आज्ञा केली. त्यांनी ती मानिली नाही. १९०२ साली त्यांची वतने जप्त झाली. पुण्याच्या वर्तमानपत्रांतून रण माजले. टिळकांनीही केसरीत ह्या वादावर लिहिले. राजोपाध्यांनी मुंबई सरकारापर्यंत व पुढे व्हाइसरॉयपर्यंत दाद मागितली. ती कोठेही लागली नाही. १९०५ च्या सुमारास धर्मपीठानेही महाराजांचा हक्क मान्य केला व वाद शमला.

आता येथे थोडे थांबावे. हे भांडण राजाच्या स्वतःच्या मानाचे होते. आम्ही क्षत्रिय, आम्हांस शूद्र का म्हणता, एवढाच त्याचा अर्थ होता. शूद्र म्हणून कोणासच का हिणविता, असा प्रश्न त्यात अजून नव्हता. पुष्कळ सुधारक ह्याच पायरीवर थांबतात. आपणांस वरच्याने हाणलेली चपराक त्यांस फार लागते, आणि आपण खालच्यास हाणतो ती त्यांच्या ध्यानातही येत नाही. महाराज वेदोक्त मिळवून येथेच स्वस्थ बसले असते, तर कोल्हापूरच्या राजघराण्याच्या बखरीत एक प्रकरण वाढले असते, आणि आमच्या खेड्यांतील भिंतीवर त्यांची तसबीर लागण्याचे कारण उरले नसते. परंतु ते थांबले नाहीत. स्वतःच्या जखमेवरून दुसऱ्याची जखम ओळखण्यास त्यांस काही वर्षे लागली, हे खरे. पण ती त्यांनी ओळखली.

१९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणाकरिता महाराज विलायतेस गेले असता, तेथूनच त्यांनी एक जाहीरनामा काढविला. त्यावर तारीख २६ जुलै १९०२ अशी आहे. ह्यापुढे संस्थानच्या नोकरीत ज्या जागा रिकाम्या होतील त्यांपैकी शेकडा ५० मागासलेल्या वर्गांतील लोकांकरिता राखून ठेवाव्या; ज्या कचेरीत ह्या वर्गांचे प्रमाण अजून तेवढे नसेल तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी; आणि प्रत्येक खात्याच्या मुख्याने केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीस पाठवावा, असा तो हुकूम. मागासलेले वर्ग म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि तत्सम पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व, असेही त्यात स्पष्ट केले होते. तिमाही तक्त्याचे हे कलम आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. उदार शब्द लिहिणारे पुष्कळ असतात. तीन महिन्यांनी हिशेब मागणारा विरळा.

हुकूम निघाला, पण नेमावे कोणास? ज्यांच्याकरिता जागा राखल्या त्यांच्यात शिकलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी. खेड्यातील मुलगा चार बुके शिकला तरी पुढे कोल्हापुरास राहणार कोठे आणि जेवणार कोणाकडे? ब्राह्मण मुलास माधुकरी मिळे, वार लागत. कुणब्याच्या किंवा जैनाच्या पोरास ती सोय नव्हती, महाराच्या पोराची तर गोष्टच नको. महाराजांनी आधी सर्व जातींच्या मुलांकरिता एकच वसतिगृह काढून पाहिले होते. थोड्याच काळात त्यात ब्राह्मण विद्यार्थीच काय ते उरले. तेव्हा त्यांनी दुसरी वाट धरिली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच साली जैनांचे. १९०६ साली मुसलमानांचे, पुढे लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, प्रभू, चांभार-ढोर, न्हावी अशी एकामागून एक निघत गेली. आपल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही वसतिगृह त्यांत होते. अस्पृश्य मानलेल्या मुलांकरिता १४ एप्रिल १९०८ रोजी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचे नाव त्यास दिले होते. कोणास जागा, कोणास इमारत, कोणास जमिनीचे उत्पन्न, असे साह्य दरबाराकडून मिळे.

जातवार वसतिगृहे काढल्याने जात अधिक घट्ट होते, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतात. आक्षेप खोटा नाही. आम्हीही तो मनात घोळवून पाहिला आहे. परंतु एकत्र वसतिगृहात जाऊन उपाशी परतलेल्या मुलास तो आक्षेप सांगून काय उपयोग? महाराजांनी मुलांस आधी भिंत, छप्पर, भाकरी आणि दिवा दिला. त्या छपराखालून बाहेर पडलेल्या मुलांनी पुढे एकत्र बसावे, ही आशा त्यांनी धरिली. ती किती फळास आली, हे प्रत्येक गावाने आपले आपण पाहावे.

वसतिगृह मोठ्या मुलांचे; पण खेड्यात पहिली ओळच जो गिरवीत नाही त्याचे काय? बडोद्याच्या सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. गोखल्यांनी सरकारी कायदे कौन्सिलात त्याकरिता बिल आणिले, ते १९१२ साली फेटाळले गेले. कोल्हापुरात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा कायदा झाला, आणि १९१८ साली करवीर पेट्यातील खेड्यांपासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या बापास दरमहा एक रुपया दंड. त्या काळचा एक रुपया म्हणजे शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी, हे ध्यानात घेतले म्हणजे महाराज केवळ विनवीत नव्हते हे दिसून येईल. पुढे १९१९ सालच्या दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांच्या शाळेत घ्यावे असा हुकूम सुटला. एकाच छपराखाली, एकाच फळ्यापुढे. आमच्या उपदेशक बंधूंपैकी ज्यांनी शाळा चालविल्या आहेत त्यांस हे सांगणे नको की, हुकूम कागदावर लिहिणे सोपे आणि बैठकीची तरटे एकास एक लावणे कठीण.

आता गावगाड्याकडे येऊ. खेड्यातील माणसास राजा वर्षानुवर्षे दिसत नाही. त्यास दिसतो तो कुलकर्णी, पाटील आणि चावडी. कुलकर्ण्याचे काम वंशपरंपरा. जमिनीचे, साऱ्याचे, कर्जाचे सर्व कागद त्याच्या दप्तरात, आणि रयत निरक्षर. मग तो सांगेल ते प्रमाण. १९१८ साली महाराजांनी कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमण्यास आरंभ केला. ह्याने किती मोठा वर्ग दुखावला गेला असेल ह्याची कल्पना सहज करिता येईल.

त्याच साली महार वतनाची पद्धत मोडण्यात आली. हे वतन म्हणजे काय, हे आमच्या वडील वाचकांनी घरच्यांच्या तोंडून ऐकले असेलच. महारांस गावची थोडी इनाम जमीन असे, आणि तिच्याबद्दल त्यांनी सरकारची व गावची सर्व कामे करावयाची: सारा पोचविणे, वर्दी नेणे, मेलेले ढोर ओढणे, अंमलदाराचे ओझे वाहणे, रात्री वेस राखणे. कामास मोजमाप नव्हते, वेळेस मर्यादा नव्हती. जमीन पिढ्यान्‌पिढ्या वाटली जाऊन एकेकाच्या वाट्यास हातरुमालाएवढी येई. पण बंधन मात्र वाटले जात नसे, ते साऱ्या महारवाड्यावर सारखेच असे. हे वतन सोडवतही नसे, कारण ती कितीही लहान असली तरी जमीन होती. गुलामगिरीस मानाचे नाव दिले म्हणजे ती किती दिवस टिकते, ह्याचा हा उत्तम मासला. महाराजांनी त्या जमिनी ज्याच्या त्याच्या नावे रयतावा करून दिल्या. साऱ्या मुंबई इलाख्यास हीच गोष्ट करण्यास पुढे चाळीस वर्षे लागली. तेथील कायदा १९५८ सालचा आहे.

हजेरीची गोष्टही १९१८ चीच. काही जातींच्या माणसांनी, त्यांनी गुन्हा केला असो वा नसो, नित्य चावडीवर जाऊन आपण गावात आहोत हे दाखवावे, अशी रीत होती. महार, मांग, रामोशी, बेरड हे तिच्या फेऱ्यात सापडत. ज्यास रोज संध्याकाळी चावडीवर उभे राहावयाचे तो परगावी मजुरीस जाणार केव्हा, आणि मुलीच्या सासरी एक रात्र राहणार कसा? ती हजेरी महाराजांनी बंद केली. १९२० साली वेठबिगार कायद्याने मना करण्यात आली. कोणा अंमलदाराने कोणाकडून फुकट काम घेऊ नये. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांच्या आज्या-पणज्यांनी त्या वेठीची लाकडे आणि वैरण वाहिली आहे. त्यांस ह्या एका हुकुमाचे मोल वेदोक्ताच्या साऱ्या वादाहून अधिक वाटले असेल.

१९१९ च्या आरंभी महाराजांनी आणखी काही हुकूम काढिले. सरकारी कचेऱ्या, दवाखाने, शाळा, धर्मशाळा, पाणवठे येथे अस्पृश्यांस इतरांसारखेच वागवावे. ज्या नोकरास हे करवत नसेल त्याने नोकरी सोडावी. दवाखान्यात रोग्यास जात न विचारता तपासावे ही गोष्ट तेव्हा नवी होती. मिरजेच्या मिशन रुग्णालयात ती पंचवीस वर्षे चालली होती. दरबारच्या दवाखान्यांस ती आज्ञेने शिकावी लागली.

आज्ञेने मनुष्य नोकरी सांभाळतो, मन बदलतोच असे नाही. हे महाराजांस पुरते ठाऊक असावे, असे गंगाराम कांबळे यांच्या प्रसंगावरून दिसते. हे गृहस्थ जातीने महार, राजवाड्याच्या पागेत चाकरीस. मराठा नोकरांच्या हौदाचे पाणी घेतले म्हणून त्या नोकरांनी त्यांस झोडपून काढिले. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर सर्व कळले, तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांस स्वतः शासन केले. येथवर ही एका रागीट राजाची गोष्ट झाली. पुढची अधिक विचार करण्यासारखी आहे. चाकरी सोडून स्वतंत्र धंदा करण्यास त्यांनी गंगारामांस साह्य केले, आणि गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान थाटले. नाव सत्यसुधारक. महाराच्या हातचा चहा पिणार कोण? दुकान ओस पडण्याचीच वेळ होती. तेव्हा महाराज फिरावयास निघाले की त्यांची गाडी त्या दुकानापुढे थांबे. ते चहा मागवीत, स्वतः घेत, आणि बरोबरच्या मानकऱ्यांसही देववीत. मानकरी काय करितात! कप हातात आणि राजा समोर.

त्या कपातील चहा काही जणांनी नाराजीनेच घेतला असेल. परंतु घशाखाली एकदा उतरला म्हणजे विटाळाचे निम्मे भय संपते. ह्या वाटेने आलेली सुधारणा आमच्या समजुतीप्रमाणे फार खोल जाते, कारण तिच्यात मोठ्याने लहानास वर ओढलेले नसून तो स्वतः त्याच्या दारी जाऊन त्याचे गिऱ्हाईक होतो. अस्पृश्य तरुणांस महाराजांनी माहूत, गाडीवान व मोटारहाके नेमिले, काहींस वकिलीच्या सनदा दिल्या. तथापि राजाची गाडी प्रत्येक गावी थांबू शकत नव्हती. कोल्हापूरच्या रस्त्यावर जे झाले ते एखाद्या आडगावच्या विहिरीवर लागलीच झाले, असे आम्ही म्हणत नाही.

घरातील सुधारणेचा प्रसंग त्यांस मोठ्या दुःखाने आला. १२ जून १९१८ रोजी त्यांचे धाकटे पुत्र शिवाजी हे रानडुकराच्या शिकारीत अपघाताने मरण पावले. सून इंदुमतीदेवी त्या वेळी बारा वर्षांच्याही नव्हत्या. राजघराण्यातील बालविधवेने पडद्याआड जन्म काढावा, ही रूढी. महाराजांनी तिला सोनतळीच्या बंगल्यात ठेवून शिकविण्याचा बेत केला. घरच्यांचा विरोध होता, तो त्यांनी जुमानला नाही. तिच्या सोबतीस निरनिराळ्या जातींच्या मुली ठेविल्या. महाराजांच्या मागेही त्यांचे शिक्षण चालू राहिले, आणि १९२५ साली त्या मॅट्रिक झाल्या. १९१७ ते १९२० ह्या वर्षांत पुनर्विवाह, आंतरजातीय विवाह, काडीमोड, स्त्रियांचा छळ, जोगतिणी व अनौरस संतती यांचे हक्क ह्या विषयांवर कोल्हापुरात एकामागून एक कायदे झाले. आपल्या घराण्यातील मुलगी इंदूरच्या होळकरांकडे, म्हणजे मराठ्यांची मुलगी धनगरांकडे देण्याचे त्यांनीच ठरविले होते. तो विवाह त्यांच्या पश्चात १९२४ साली झाला.

आता राजकारण. येथे आमचे व महाराजांचे सर्वस्वी जुळते असे नाही. इंग्रज सरकाराशी त्यांनी स्नेह राखिला, स्वराज्याच्या चळवळीस विरोध केला, आणि पुष्कळ देशभक्त मंडळी त्यांस त्याकरिता दोष देत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, जातिभेद आहे तसा ठेवून सत्ता मागितली तर ती शिकलेल्या मूठभर लोकांची सत्ता होईल. म्हणून कौन्सिलांत निरनिराळ्या वर्गांस आपापले प्रतिनिधी आधी मिळावेत. हे भय निराधार नव्हते. परंतु ज्यांनी दुसऱ्यांच्या हाती सत्ता एकवटू नये म्हणून इतका आग्रह धरिला, त्यांनी स्वतःच्या संस्थानात मात्र ती आपल्याच हाती ठेविली. कारभार अखेरपर्यंत दरबारच्या हुकुमानेच चालला. हुकूम चांगले होते. पण चांगला हुकूम काढणारा हात थांबला म्हणजे काय, हा प्रश्न त्यामुळे मागे राहिला. तसेच पुरोहितांच्या वर्चस्वाविरुद्ध लढून १९२० साली त्यांनी मराठ्यांकरिता क्षात्र जगद्गुरूंचे पीठ स्थापिले, हेही आम्हांस नीट उलगडत नाही. एक गुरू नको म्हणून दुसरा नेमिल्याने शिष्याची मान ताठ होते काय? १९११ पासून सत्यशोधकांस त्यांचा आश्रय होता, १९१९ साली राजाराम कॉलेज त्यांनी आर्य समाजाच्या हवाली केले. ज्या वाटेने जातीचे ओझे हलके होईल ती प्रत्येक वाट ते चाचपून पाहत होते, असेच म्हणावे लागते.

एक गोष्ट मात्र त्यांस हुकुमाच्या पलीकडची साधली. ३१ जानेवारी १९२० रोजी भीमराव आंबेडकर ह्या तरुण विद्वानाने मूकनायक हे पत्र काढिले, त्यास महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्याच वर्षी २१ व २२ मार्च रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. आंबेडकर अध्यक्ष होते. महाराज तेथे स्वतः गेले, आणि जमलेल्या लोकांस त्यांनी सांगितले की तुम्हांस तुमच्यातलाच पुढारी मिळाला आहे, ह्यापुढे तुमचा उद्धार हाच करील. छत्रपतींच्या गादीवरील पुरुषाने, लोकांनी आपल्याकडे हात पसरावेत अशी सवय असताना, तो हात दुसरीकडे वळविला. मेच्या अखेरीस नागपुरास अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली, तिचे अध्यक्षस्थान महाराजांनी स्वीकारिले. पुढे आंबेडकर उरलेले शिक्षण पुरे करण्यास लंडनला गेले, तेव्हाही महाराजांचे द्रव्यसाह्य त्यांस झाले.

प्रजेच्या पोटापाण्याकडे त्यांचे लक्ष नव्हते असे कोणी समजू नये. १८९५ साली वसविलेल्या शाहूपुरीच्या पेठेने गुळाच्या व्यापारास घर मिळवून दिले. १९०६ साली कापसाची गिरणी निघाली. भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधण्यास घेतले. ते धरण त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. पैसा अपुरा पडून काम अडले व स्वातंत्र्यानंतर तडीस गेले. आज पंचगंगेच्या काठचा ऊस त्या पाण्यावर उभा आहे.

पुत्रशोकाने व आजाराने महाराज खचत गेले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. वय पुरते अठ्ठेचाळीसही नव्हते. त्यांच्यामागून राजाराम महाराज गादीवर आले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता साऱ्या देशात बेकायदा ठरविली. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्र सरकार आता सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते.

त्यांची मोठमोठी स्मारके पुष्कळ झाली आहेत. पैकी आरंभीचे स्मारक कोल्हापुरात नर्सरी बागेत १९२५ साली उभे राहिले. ते दरबारने बांधले नाही. अस्पृश्य मानलेल्या लोकांनी आपसांत वर्गणी जमवून ते बांधिले, आणि त्या कामी पुढाकार घेणारे गृहस्थ होते चहाच्या दुकानाचे मालक गंगाराम कांबळे.